हे सगळं वेगळं कोण करतं?

काल दिवसभरात तुमच्या घरच्या कचऱ्याच्या बादलीत काय काय गेलं, जरा आठवून बघा. कांद्याची सालं, चहाचा चोथा, दुधाची रिकामी पिशवी, वेफर्सचं पाकीट, संपलेलं बॉलपेन, वहीचं फाडलेलं पान. सकाळी गाडी आली, बादली रिकामी झाली, आणि आपल्या दृष्टीने विषय संपला.

पण या वस्तूंचा खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. सालींना जायचं असतं खताच्या खड्ड्यात नाहीतर गॅसच्या टाकीत. कागदाला जायचं असतं कागदाच्या कारखान्यात, पत्र्याच्या डब्याला भट्टीत, दुधाच्या पिशवीला प्लॅस्टिक वितळवणाऱ्या यंत्रात. प्रत्येकीचा रस्ता निराळा. आणि आपण तर त्या सगळ्या एकाच बादलीत टाकून मोकळे झालो! म्हणजे वाटेत कुठेतरी, कुणीतरी त्यांना पुन्हा वेगळं करणं आलंच. मला कुठल्याही नव्या गावाच्या कचऱ्याबद्दल वाचताना हाच प्रश्न पहिला पडतो : इथे वेगळं कोण करतं? या एका प्रश्नाला जगात इतकी चित्रविचित्र उत्तरं मिळाली आहेत, की ऐकत राहावं.

तैवानपासून सुरुवात करू. तैवान हे चीनच्या किनाऱ्याजवळचं बेट. तिथल्या शहरांत संध्याकाळ झाली, की गल्लीच्या टोकाकडून पियानोवरची एक धून ऐकू येते. बीथोव्हेन नावाच्या थोर जर्मन संगीतकाराची ‘फ्यूर एलीझ’ ही ती धून. कुठे त्याऐवजी ‘एका मुलीची प्रार्थना’ या नावाची धून असते. ती टेक्ला बोंदाझेफ्स्का या पोलंडमधल्या तरुणीने १८५०च्या दशकात रचली. धून कानावर पडताच घराघरांतून माणसं बाहेर पडतात. आजी, आजोबा, ऑफिसातून नुकतेच आलेले काका, चपला कशातरी अडकवून धावत सुटलेली मुलं. सगळ्यांच्या हातांत पिशव्या. कारण ही धून वाजवत आलेली असते पिवळी कचरागाडी!

तुम्ही म्हणाल, गाडी तर आमच्याकडेही येते. आपल्या महाराष्ट्रात नाशिक शहराने नव्वदीच्या दशकात घंटागाडी सुरू केली, आणि आता गावोगावी तिची घंटा किंवा तिच्या भोंग्यावरचं गाणं ऐकू येतं. मग तैवानचं विशेष काय? विशेष हे, की तिथे गाडी येण्याआधी पिशवी रस्त्यावर ठेवायचीच नाही. ‘कचऱ्याने जमिनीला शिवायचं नाही’ असा त्यांचा नियमच आहे. घरातल्या हातातून पिशवी थेट गाडीत. रस्त्याच्या कोपऱ्यावर ढीग साचत नाही, म्हणून तो उकरायला कुत्री येत नाहीत, उंदीर येत नाहीत, घोंघावणाऱ्या माश्या येत नाहीत.

पिवळ्या गाडीमागून आणखी एक गाडी येते. तिच्यात बाटल्या, कागद, डबे, काच असा पुन्हा वापरात येण्याजोगा माल द्यायचा. अन्नासाठी निराळी पिंपं असतात, आणि तीही दोन. कच्च्या भाज्यांची सालं, फळांच्या साली एका पिंपात. त्यांचं खत होतं. शिजवलेलं उरलेलं अन्न दुसऱ्यात. ते उकळून बरीच वर्षं डुकरांना खायला घातलं जायचं. म्हणजे गाडीपाशी आलेल्या माणसाला घरूनच सगळं वेगळं करून यावं लागतं. एखाद्याने सगळं एकाच पिशवीत कोंबून आणलं, तर गाडीवरचा माणूस ती पिशवी परत देऊ शकतो, आणि शेजारीपाजारी तर सगळे बघत उभेच असतात!

राजधानी तैपेईने २००० साली यात आणखी एक शक्कल जोडली. उरलेला कचरा टाकायला शहराचीच निळी पिशवी विकत घ्यायची. मोठी पिशवी महाग, लहान पिशवी स्वस्त. बाटल्या, कागद आणि अन्न मात्र फुकट नेणार. आता हिशोब तुम्हीच करा. जितकं जास्त वेगळं काढाल, तितकी निळी पिशवी हळूहळू भरेल आणि तितके पैसे वाचतील. एकेकाळी या बेटावर कचरा टाकायला जागा उरली नव्हती, लोक त्याला चक्क ‘कचऱ्याचं बेट’ म्हणायचे. आज तिथला निम्म्याहून अधिक घरगुती कचरा पुन्हा कामाला येतो.

ही झाली काही कोटी माणसांच्या देशाची गोष्ट. आता एका चिमुकल्या गावाकडे चला. जपानच्या शिकोकू बेटावर डोंगरांत कामिकात्सू नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजाराच्या आसपास, त्यातही म्हाताऱ्या माणसांचा भरणा. या गावात घरोघर फिरणारी कचरागाडीच नाही. लोक आपापला कचरा स्वतःच गावच्या केंद्रावर घेऊन येतात आणि तिथे मांडलेल्या पेट्यांत टाकतात. किती प्रकार करावे लागत असतील? सांगा बघू. ओला आणि सुका असे दोन? काच, कागद, पत्रा, प्लॅस्टिक असे चार? दहा?

चाळीसहून अधिक!

नुसत्या कागदाचेच बघा ना. वर्तमानपत्रं वेगळी, पुठ्ठा वेगळा, दुधाची कागदी खोकी वेगळी. दुधाच्या खोक्याला आतून चंदेरी मुलामा असेल, तर ते आणखी वेगळं. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या. बाटलीचं झाकण बाटलीपासून वेगळं. प्लॅस्टिकची पिशवी असेल तर ती आधी धुवायची, वाळवायची आणि मगच आणायची. ओला कचरा तर केंद्रावर आणायचाच नाही, त्याचं खत घरच्या घरीच करायचं.

माझी या केंद्रातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तिथल्या पाट्या. प्रत्येक पेटीवर लिहिलेलं असतं, की ही वस्तू इथून कुठे जाणार, तिचं पुढे काय बनणार, आणि त्यातून गावाला पैसे मिळणार की गावाच्या खिशातून जाणार. आपण टाकलेल्या डब्याचं पुढे काय झालं, हे आपल्याला कुणी कधी सांगितलंय? तिथे ते पेटीवरच वाचायला मिळतं.

हे लोक पहिल्यापासूनच असे नव्हते. नव्वदीच्या दशकापर्यंत कामिकात्सूमध्ये कचरा उघड्यावर, एका मोठ्या खड्ड्यात जाळत असत. मग जाळायला छोट्या भट्ट्या आणल्या. पण कचरा जाळताना डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं हवेत जातात, म्हणून जपान सरकारने नियम कडक केले आणि त्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या. नवी मोठी भट्टी या लहानशा गावाला कशी परवडणार? तेव्हा २००३ साली गावाने जाहीर करून टाकलं : आम्ही कचरा शून्यावर आणणार. अशी घोषणा करणारं ते जपानमधलं पहिलं गाव. आज तिथला ऐंशी टक्क्यांच्या आसपास कचरा पुन्हा वापरात येतो. शून्यापर्यंत मात्र ते अजून पोचलेले नाहीत. डायपर, काही जातींचे बूट, अनेक पदार्थ एकमेकांना चिकटवून बनवलेल्या वस्तू, यांचं काय करायचं हे त्यांनाही सुटलेलं नाही. ते कोडं खरं तर गावाच्या हातातलं नाहीच, त्या वस्तू बनवणाऱ्यांच्या हातातलं आहे.

केंद्रातच एक दुकान आहे. गावकऱ्यांनी नको असलेली पण चांगली वस्तू तिथे आणून ठेवायची. ज्याला हवी असेल त्याने फुकट घेऊन जायची, फक्त नेताना तिचं वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. २०२०मध्ये बांधलेली केंद्राची नवी इमारतही बघण्यासारखी आहे. तिच्या भिंतींना सुमारे सातशे जुन्या खिडक्या बसवल्या आहेत, लोकांनी आपापल्या घरांतून दिलेल्या. सगळ्या निरनिराळ्या मापांच्या! आणि विमानातून पाहिलं, तर अख्खी इमारत प्रश्नचिन्हाच्या आकाराची दिसते.

कामिकात्सूत वेगळं करायचं काम माणसं करतात, तेही अगदी मनापासून. पण मोठ्या शहरात एवढ्या सगळ्या पेट्या कुठे मांडणार? तिथे लोकांनी यंत्रांना कामाला लावलं.

स्वीडनमधल्या एस्किलस्टूना या शहराने रंगांची युक्ती केली. अन्न हिरव्या पिशवीत, बाकीचे प्रकार दुसऱ्या निरनिराळ्या रंगांच्या पिशव्यांत. पिशव्यांना घट्ट गाठी मारायच्या आणि सगळ्या एकाच पेटीत टाकायच्या. गाडीही एकच. कारखान्यात त्या सरकत्या पट्ट्यावरून जाऊ लागल्या, की वर बसवलेला कॅमेरा रंग ओळखतो आणि यंत्राचा हात त्या पिशवीला नेमक्या घसरगुंडीत ढकलतो. पिशवीच्या आत काय आहे, याच्याशी कॅमेऱ्याला काही घेणंदेणं नाही. त्याला फक्त रंग कळतो. म्हणजे खरं वेगळं करणं झालं ते स्वयंपाकघरातच!

न्यूयॉर्क शहरातल्या रूझवेल्ट बेटावर तर १९७५पासून कचरा नळांतून उडत जातो. उंच इमारतींत प्रत्येक मजल्यावर एक झडप असते, तिच्यातून पिशवी खाली सोडायची. दिवसातून काही वेळा मोठाले पंखे सुरू होतात, जमिनीखालच्या जाड नळांतली हवा खेचून घेतात, आणि पिशव्या ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या वेगाने बेटाच्या टोकाला जाऊन पडतात. तिथे त्या दाबून पेटाऱ्यांत भरल्या जातात. ऐकायला किती छान वाटतं, नाही? पण नळाला हेही कळत नाही, तेही कळत नाही. त्यात टाकलेलं सगळं फक्त दूर जातं. वेगळं होत नाही. म्हणून मला ही पद्धत नवलाची वाटते, पण हुशारीची तितकीशी वाटत नाही.

इटलीतल्या व्हेनिसमध्ये रस्त्यांऐवजी कालवे आहेत आणि चारशेहून अधिक पूल. तिथे सफाई कामगार सकाळी गल्लीबोळांतून हातगाडी ढकलत दारोदार फिरतात, पुलांच्या पायऱ्यांवरून ती चढवतात-उतरवतात, आणि मग होडीवरची क्रेन गाडी उचलून आपल्या पोटात रिकामी करते. पूर्वी लोक पिशव्या दाराबाहेर ठेवायचे, तेव्हा समुद्रपक्षी त्या फाडून टाकत. म्हणून आता पिशवी हातातच द्यायची.

जर्मनीत बाटल्यांवर पैसे ठेवले आहेत, अगदी खरेखुरे. पाण्याची किंवा सरबताची प्लॅस्टिकची बाटली घेताना दुकानदार पंचवीस सेंट जास्त घेतो. आपले साधारण पंचवीस रुपये झाले. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात घातली, की यंत्र ती फिरवून तिच्यावरची खूण वाचतं आणि तेवढे पैसे परत मिळतील अशी चिठ्ठी देतं. २००३पासून ही पद्धत आहे. तुमच्या ओळखीतले कुणी ताई-दादा तिकडे शिकायला गेले असतील तर त्यांना विचारा, महिनाअखेरीला बाटल्यांची पिशवी घेऊन गेलात का म्हणून! बाटली कुणी टाकलीच, तर दुसरं कुणीतरी ती पैशांसाठी उचलतं. म्हणून काही लोक बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी करून ठेवतात, कुणा गरजूला पेटीत हात घालावा लागू नये म्हणून. आणि हे सगळं आपल्याला अगदीच परकं आहे असं नाही हं. मुंबईतल्या आजी-आजोबांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्यांबद्दल विचारा. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशाला? सगळं एकत्र न्यावं आणि कारखान्यात यंत्रांनीच वेगळं करावं. तशी यंत्रं आहेत, आणि ती मोठी अजब आहेत. सरकत्या पट्ट्यावरून कचरा जातो, वर लोहचुंबक असतो, तो लोखंडी डबे उचलून घेतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. मग त्याचं काय करतात? पट्ट्याच्या टोकाशी आत एक चुंबकांचं चाक भयंकर वेगाने फिरत असतं. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या डब्यात वीज खेळू लागते, ती वीज डब्याला क्षणभर चुंबक बनवते, आणि तो डबा टुणकन उडी मारून पलीकडच्या पेटीत पडतो. न शिवता उडवलेला डबा! या डब्यासाठी एवढी धडपड करण्याला कारण आहे. खाणीतल्या दगडापासून ॲल्युमिनियम बनवायला जितकी ऊर्जा लागते, तिच्यातली पंच्याण्णव टक्के जुना डबा वितळवल्यावर वाचते.

प्लॅस्टिकसाठी प्रकाश वापरतात, पण आपल्याला न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो ना, त्याच घराण्यातला. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक त्या प्रकाशाचा एक भाग गिळतं, शांपूच्या बाटलीचं प्लॅस्टिक दुसराच भाग. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र ओळखतं, की हे कुठलं प्लॅस्टिक. लगेच खालून हवेची फुंकर येते आणि ती बाटली उडून आपल्या पेटीत जाते.

या यंत्राला चकवायचं असेल तर एक सोपा उपाय आहे. काळं प्लॅस्टिक! काळ्या रंगासाठी त्यात काजळीची भुकटी घालतात, आणि ती सगळा प्रकाश गिळून टाकते. परत काहीच येत नाही. यंत्राच्या दृष्टीने पट्टा तिथे रिकामाच. काळ्या रंगाचा जेवणाचा डबा, काळा ट्रे असं बरंच काही त्यामुळे सुटून जातं. वेफर्सचं पाकीटही असंच अवघड. ते दिसतं एकच, पण त्यात प्लॅस्टिकचे निरनिराळे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळसा मुलामा असतो. कुठल्या पेटीत टाकणार?

आणि सगळ्यात मोठी अडचण आमटीची! आमटीत भिजलेला कागद कागदाच्या कारखान्याला चालत नाही, चोथ्याने माखलेली पिशवी यंत्राला ओळखता येत नाही. एकदा ओलं आणि सुकं मिसळलं, की दोन्ही वाया जातात. मग ते सगळं कचरा डेपोवर जाऊन पडतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे राहणारे जिवाणू हवेशिवायच सालं आणि शिळंपाकं खातात आणि मिथेन नावाचा वायू सोडतात. मिथेन म्हणजे पेटणारा वायू. मुंबईच्या देवनारला १९२७पासून कचरा टाकला जातोय. २०१६च्या जानेवारीत तिथे इतकी मोठी आग लागली, की तिचा धूर उपग्रहांतून काढलेल्या फोटोंत दिसला.

तोच मिथेन बंद टाकीत पकडला, तर कामाला येतो. इंदूरमध्ये २०२२ साली एक मोठा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला साडेपाचशे टन ओला कचरा पचवून तो गॅस बनवू शकतो, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. पण हे जमतं कशामुळे? इंदूरमध्ये कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो म्हणून. टाकीतल्या जिवाणूंना प्लॅस्टिक पचत नाही.

म्हणजे फिरून फिरून आपण पहिल्या प्रश्नाशी आलो. वेगळं कोण करतं? काही ठिकाणी याचं उत्तर असं आहे, की ते ऐकून आपण जरा सावरून बसावं.

इजिप्तची राजधानी कैरो. तिथे झब्बालीन नावाच्या लोकांची वस्ती आहे, मोकत्तम टेकडीच्या पायथ्याशी. १९४०च्या दशकाच्या सुमारास दक्षिण इजिप्तमधली गरीब शेतकरी कुटुंबं पोटासाठी कैरोत आली आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागली. आधी गाढवगाड्यांतून, पुढे छोट्या टेंपोंतून. अजूनही त्यांची माणसं इमारतींचे जिने चढून दारातून कचरा नेतात. वस्तीतल्या कितीतरी घरांत खालच्या मजल्यावर कचरा वेगळा होतो आणि वरच्या मजल्यांवर कुटुंब राहतं. बायका आणि मुली तो हातांनी निवडतात. प्लॅस्टिक तुकडे करणाऱ्या यंत्राकडे जातं, कापडाच्या चिंध्या एका बाजूला, पत्रा दुसऱ्या. त्यांनी नेलेल्या कचऱ्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग पुन्हा वापरात येतो, असं अभ्यासकांनी सांगितलं आहे. आठवतंय ना, एवढ्या पेट्या मांडणाऱ्या कामिकात्सूचा आकडाही तेवढाच होता! आणि यांच्याकडे ना कॅमेरे, ना उडवणारी चाकं.

मग ओला कचरा? तो त्यांची डुकरं खायची. २००९ साली जगभर एका तापाची साथ आली, तिला ‘स्वाइन फ्लू’ म्हणजे डुकरांचा ताप असं नाव पडलं होतं. तो ताप माणसांकडून माणसांना होत होता, डुकरं मारायची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. तरी इजिप्तच्या सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारून टाकायचा हुकूम काढला. पुढे काय झालं असेल? ओला कचरा खाणारंच कुणी उरलं नाही. झब्बालीनांनी तो उचलणं सोडलं, आणि काही महिन्यांतच कैरोच्या रस्त्यांवर कुजक्या अन्नाचे ढीग दिसू लागले. इतकी वर्षं शहर स्वच्छ कुणामुळे होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

याच वस्तीत मुलग्यांसाठी एक शाळा निघाली होती. मुलं गोळा केलेल्या शांपूच्या रिकाम्या बाटल्या मोजून त्यांचे तुकडे करायची, म्हणजे बाटल्यांत पुन्हा कुणी नकली शांपू भरून विकू नये. त्या मोजणीचा हिशोब लिहिता लिहिता मुलं अंक आणि अक्षरं शिकली.

आणि पुणं? पुण्यात १९९०च्या आधीपासून हजारो बायका पाठीवर पोतं घेऊन रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत कागद, काच, पत्रा शोधायच्या. हात कापायचे, कुत्री अंगावर यायची, लोक संशयाने बघायचे. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या त्यांच्या वस्त्यांत पोचल्या. १९९३ साली या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हमालांसाठी आयुष्य वेचलेले डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. या कष्टकरी बायका म्हणाल्या, आम्ही करतो ते काम आहे, शहराचा पैसा वाचवणारं काम आहे, आम्हाला कामगार म्हणून ओळख द्या. महापालिकेची ओळखपत्रं त्यांना मिळाली. मग त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, ‘स्वच्छ’, आणि २००८मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. आता कुंडीत शोधायचं नाही, दारातूनच घ्यायचं!

आज साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक ‘स्वच्छ’मध्ये आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक बायका आहेत. पुण्यात राहत असाल, तर सकाळी ढकलगाडी आणि बादल्या घेऊन येणाऱ्या ताई तुम्ही पाहिल्याच असतील. ओला कचरा त्या महापालिकेच्या गाडीत देतात. सुका कचरा निवडून भंगारवाल्याला विकतात, ती त्यांची कमाई. बाटली हातात घेऊन थोडी दाबली, की तिच्या आवाजावरून आणि कडकपणावरून त्यांना प्लॅस्टिकची जात कळते. प्रत्येक जातीला भाव निराळा. मघाशी सांगितलेलं यंत्र जे अवरक्त प्रकाशाने करतं, ते त्या बोटांनी आणि कानांनी करतात, आणि काळ्या प्लॅस्टिकने त्या चकत नाहीत!

पण त्यांना त्रास होतो तो आपण कागदात न गुंडाळता टाकलेल्या गोष्टींचा. फुटलेला काचेचा पेला, वापरलेलं ब्लेड, बाळाचं डायपर, सॅनिटरी पॅड. म्हणून त्यांनी लोकांना एक साधी खूण सांगितली : पॅड आणि डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला, की पुडी न उघडता बाजूला काढता येते. घरात लाल स्केचपेन तर असतंच तुमच्याकडे. हे काम तुम्हीच अंगावर घेऊ शकता. गणपती विसर्जनाच्या दिवशी नदीच्या घाटांवरही या बायका उभ्या असतात. नदीत जाणारं निर्माल्य त्या गोळा करतात, फुलांचं खत होतं.

आता जाता जाता एक प्रयोग. प्लॅस्टिक वेगळं करणाऱ्या कारखान्यांत खरोखर वापरतात तो. पाण्याची रिकामी बाटली घ्या आणि तिचं झाकण. बाटलीचा नखाएवढा एक तुकडा आणि झाकणाचा एक तुकडा मोठ्या माणसाकडून कापून घ्या. काचेच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, दोन्ही तुकडे त्यात टाका आणि बोटाने खाली दाबून सोडा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील. बाटलीचा तुकडा तळाशी जाईल, झाकणाचा वर येईल. बाटलीचं प्लॅस्टिक पाण्याहून जड, झाकणाचं हलकं. कारखान्यात बाटल्यांचा झाकणांसकट चुरा करून तो हौदात टाकतात, आणि दोन प्लॅस्टिकं आपोआप वेगळी होतात.

मग घरातल्या प्लॅस्टिकच्या वस्तू उलट्या करून पाहा. तळाशी बाणांचा छोटा त्रिकोण आणि त्यात एक आकडा असतो. पाण्याच्या बाटलीवर १ असतो. २, ४ आणि ५ आकड्यांची टाकाऊ प्लॅस्टिकं मिळाली तर त्यांचे तुकडे टाका. ते बहुधा तरंगतील. एखादा बुडाला, तर समजा त्या प्लॅस्टिकमध्ये खडूसारखी भुकटी मिसळलेली आहे. आता ६ आकड्याचा कडक, पातळ पेला शोधा. त्याचा तुकडा साध्या पाण्यात बुडतो. पण पाण्यात एकेक चमचा मीठ घालून ढवळत राहा. आठ-दहा चमचे होईपर्यंत तळाशी पडलेला तो तुकडा वर यायला लागेल, आणि बाटलीचा तुकडा मात्र तळाशीच राहील. कितव्या चमच्याला वर आला, ते आम्हाला लिहून कळवा.